एकाच फाइलमधले दोन वेग

थोरले डॉक्टर मेले ते स्वतःच्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत. तासाला आठ मिली जायचं औषध पंपानं ब्याऐंशीच्या वेगानं सोडलं. सिस्टर धावत आली तोपर्यंत सगळं संपलं होतं.

पंपाचा आकडा तिनेच वाढवला, असं सगळे धरून चालले होते. आज संध्याकाळी इन्स्पेक्टर तिला अटक करणार होता. त्याआधी, भर दुपारी, ती टाचणीच्या ऑफिसात येऊन बसली.

टाचणी हे त्या बाईंचं नाव नव्हे. खाजगी तपासाच्या धंद्यात लोकांनी दिलेलं, आणि त्यांनी मुकाट चालवून घेतलेलं. मदतीला त्यांचे धाकटे दीर, निवृत्त हवालदार. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायचा, पण सावकाश.

"मी पंपाला हात लावला नाही," सिस्टर म्हणाली. "पडद्यावर नाडी ब्याऐंशी, पंप आठ. ऑर्डरखाली हिरवी खूण. ते बघून मी पुढच्या खाटेकडे गेले."

"हिरवी खूण कसली?"

"डॉक्टर अंगठा लावून ऑर्डर बंद करतात. नंतर कोणी एक अक्षर जरी बदललं तरी खूण लाल होते."

"ऑर्डरमध्ये नाडीसुद्धा लिहिली होती?"

सिस्टर थबकली. "काल होती. ऑर्डर त्यांचे भाऊ, धाकटे डॉक्टर लिहितात, पण एरवी फक्त पंपाचा वेग. नाडी मॉनिटर आपोआप पाठवतो."

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरवाल्याची खोली तळघरात होती. बिनखिडकीची, यंत्रांच्या घरघरीनं भरलेली.

"मॉनिटर कंपनी हृदयाच्या ठोक्यांना 'वेग' म्हणते," त्यानं सांगितलं. "पंप कंपनी औषधालाही 'वेग'च म्हणते. पेशंटची फाइल एकच. मग कुणाचा वेग कुठला, हे कळायला नावाआधी अक्षर लावतो. क म्हणजे मॉनिटर, ख म्हणजे पंप. फाइलच्या माथ्यावर अक्षरापुढे त्या कंपनीचा पूर्ण पत्ता लिहून ठेवायचा."

"एका वर्गात एकाच नावाची दोन पोरं असली की आडनाव लावतात, तसं," भावजी म्हणाले.

"आडनाव म्हणजे तो पत्ता, काका. क आणि ख ही नुसती टोपणनावं."

"फाइलच्या मध्येच ते टोपणनाव दुसऱ्याला देता येतं?" टाचणीनं विचारलं.

"येतं. तेवढ्या भागात मग त्या अक्षराचा तो नवा अर्थ. पण असले उद्योग करतो कोण?"

"वॉर्डात ही अक्षरं दिसतात?"

"छे. ती फाइलच्या पोटात. वॉर्डच्या पडद्यावर 'नाडी' आणि 'पंप', बस्स. क दिसला की पडदा आकडा नाडीत टाकतो, ख दिसला की पंपात."

"पत्ता न तपासता?"

त्यानं कान खाजवला. "पत्ते माथ्यावर मीच लिहितो ना. घाईत केलं होतं तेव्हा."

पंप कंपनीचा माणूस आयसीयूबाहेर बाकावर बसला होता. तो पंप त्याच्या मांडीवर होता.

"आमचा पंप अक्षर बघतच नाही, बाई. पत्ता आमचा असला की शेवटचा वेग उचलतो. शंभराच्या आतला असला तर कुरकुर करत नाही."

"ब्याऐंशी त्याला कोणी सांगितले?"

"ते तो लिहून ठेवत नाही. बाकीच्या खाटांचे पंप मात्र अगदी बरोबर चाललेत."

धाकटे डॉक्टर भावाच्या खुर्चीत बसले होते. टेबलावर अजून भावाचाच चष्मा होता.

"संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले. "सांगतात तिथं बोटं आपटतो. ऑर्डरमध्ये ख चा वेग आठच आहे, खुशाल बघा. सिस्टरनं हातानं वाढवला असणार."

"हॉस्पिटल आता कोणाकडे?"

"माझ्याकडे. दादा ते ट्रस्टला देणार होता. राहून गेलं."

बाहेर आल्यावर भावजी पुटपुटले, "वहिनी, माणूस दुःखात आहे."

"असेल. पण जपून बोलतोय, भावजी. एकदाच चुकला."

संध्याकाळी सगळे मीटिंगच्या खोलीत जमले. इन्स्पेक्टर दाराशी उभा होता. सिस्टर कोपऱ्यात, हात मांडीवर घट्ट धरून.

"हातानं आकडा वाढवणारा नव्वद करील, पंचाण्णव करील," टाचणी म्हणाली. "पंपात नेमका नाडीचाच आकडा का यावा? म्हणजे पंपानं तो फाइलमधूनच उचलला, आपला समजून."

"माथ्यावरचे पत्ते बरोबर आहेत," सॉफ्टवेअरवाला घाईनं म्हणाला.

"आहेतच. ते चुकले असते तर सगळ्या खाटांवर घोळ झाला असता. घोळ एकाच पेशंटच्या एकाच ऑर्डरमध्ये आहे. पोट उघडा तिचं."

त्यानं फाइल भिंतीवरच्या पडद्यावर आणली. ऑर्डरच्या पहिल्याच ओळीत क या अक्षरापुढे पंप कंपनीचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता. खाली ख चा वेग आठ. त्याखाली क चा वेग ब्याऐंशी.

"वॉर्डच्या पडद्यानं क पाहिला आणि नाडी दाखवली," टाचणी म्हणाली. "पंपानं पत्ता पाहिला, क चाही आपलाच निघाला, म्हणून शेवटचा वेग घेतला. सिस्टरला दिसलं ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. एरवी ऑर्डरमध्ये नसणारी नाडी काल कशासाठी आली, ते आता कळतं. खूण हिरवी आहे, म्हणजे अंगठा लागल्यावर कोणी काही घुसडलेलं नाही."

"ते मी टाइप केलेलं नाही," धाकटे डॉक्टर म्हणाले. "कोणीतरी लिहून दिलं, मी अंगठा लावला."

"मग 'ख चा वेग' हे कुठून आलं? वॉर्डात ते अक्षर कुणालाच दिसत नाही. ज्याला संगणकातलं काही कळत नाही, त्याला फाइलच्या पोटातली अक्षरं ठाऊक कशी?"

धाकट्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाठ फिरवली.

"दादानं मला विचारलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "सगळं देऊन टाकत होता."

इन्स्पेक्टरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अशाच ऑर्डरी यांनी आणखी कुणाला दिल्या असतील तर?" सॉफ्टवेअरवाल्यानं हळूच विचारलं. "पडद्यावर बघून कळणार नाही."

तू सुटलीस हे सांगायला टाचणी कोपऱ्याकडे वळली, तर खुर्ची रिकामी होती.

वर आयसीयूत सिस्टर खाटेखाटेशी थांबत होती. पडद्याकडे न बघता पंपाची एकेक नळी चिमटीत धरून बंद करत होती.