‘नुआला’ला ताप का येतो?

“इंजिनाला ताप येतोय,” डोनल म्हणाला आणि टोपी हातात फिरवत बसून राहिला.

आयर्लंडमधल्या लेटरकेनीतल्या त्या लहानशा स्वयंपाकघरात तिघेच होते. विभावरी देवस्थळी वीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होती. आता ती बोटींच्या अपघातांचा खासगी तपास करत असे. शेजारी तिचा मावसभाऊ परेश, तिथल्याच हॉस्पिटलातला डॉक्टर. आणि समोर डोनल, स्विलीच्या खाडीत लोकांना फिरवून आणणारा सत्तरीतला बोटवाला.

विभावरीने चहा पुढे सरकवला. “ताप म्हणजे?”

“‘नुआला’ धक्क्याला बांधून तासभर चालवा, एकदम ग्रँड. बाहेर नेऊन वेग दिला की दहा मिनिटांत काटा लाल रेघेवर, मागून पांढरा धूर. इंजिन बंद करून थोडं थांबलं की पुन्हा ठीक.”

“कधीपासून?”

“तुमचा गणपती माझ्या बोटीतून पाण्यात सोडला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पंधरा दिवस झाले. वर्कशॉपवाला म्हणतो, इंजिन म्हातारं झालं. म्हातारा तर मीही झालोय, माझ्यातून कुठे धूर निघतो?”

परेश हसला. डोनल हसला नाही.

“उद्या एक वाजता गिऱ्हाईक येतंय. बोट घेऊन जाईल. माझ्या बायकोचं नाव आहे हो तिला.” त्याने टोपी टेबलावर ठेवली. “गणपती सोडायच्या आदल्या दिवशी माझ्या पुतण्याने, कॉरमॅकने, पंपाचं काम केलं. मी समुद्र सोडावा असं तो वर्षभर म्हणतोय. त्याने मुद्दाम काही केलं का, एवढं सांगा. मला त्याच्याकडे बघवत नाही आता.”

विभावरीने कोट घेतला. “चला, पेशंट बघू.”

धक्क्याला बांधलेली ‘नुआला’ शहाण्यासारखी चालली. मागच्या नळीतून धुराबरोबर पाण्याच्या चुळा भसाभस पडत होत्या.

“धुरात पाणी कसं?” परेशने विचारलं.

“बोटीच्या तळाला बाहेरून एक जाळी असते. तिथून पंप समुद्राचं पाणी आत ओढतो. ते इंजिनाची उष्णता घेतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. तेव्हा बोट बघायची तर आधी मागून बघायची.”

खाडीच्या मध्यावर डोनलने वेग दिला. काटा चढू लागला. मागच्या चुळा बारीक झाल्या आणि पांढरे लोट निघाले.

“धूर!” परेश ओरडला.

“नीट बघ. कुठवर जातोय?”

“चार हातांवर... नाहीसाच होतोय.”

“धूर असता तर मागे रेंगाळला असता. ही वाफ आहे.”

डोनलने इंजिन बंद केलं. सगळे ते गार व्हायची वाट पाहू लागले. तेवढ्यात विभावरी कठड्यावरून वाकली आणि तिने पाण्याकडे हात लांबवला. बोटं पाण्यापासून चांगली दोन फूट वर राहिली.

“मूर्ती सोडली तेव्हा बोटीत कोण कोण होतं?”

“मी, तुमच्या मंडळाची सरिता आणि परेशची आई. बाकीचे धक्क्यावर गात होते. बोट जागेवर धरायला मी इंजिन हळू चालू ठेवलं होतं. मूर्ती गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. फार हळुवार बाई, परेशची आई.”

परत आल्यावर कॉरमॅक धक्क्यावरच भेटला. काकाने मान फिरवली. त्याने ते बघितलं आणि तो बोटीवर चढला. आतली पाण्याची गाळणी उघडून त्याने विभावरीसमोर धरली. ती पाण्याच्या ग्लाससारखी स्वच्छ होती. मग पंपाचं झाकण काढलं. रबरी चाकाच्या सगळ्या पाकळ्या शाबूत होत्या.

“डोनलने समुद्र सोडावा असं तुला वाटतं?” तिने विचारलं.

“वाटतं. मागच्या हिवाळ्यात ते डेकवर पडले, आणि फोनसुद्धा केला नाही.” त्याने झाकण परत बसवलं. “पण त्यासाठी ‘नुआला’ बिघडवू? मी पोहायला शिकलो तो हिच्यावरून उड्या मारून. काकूच ढकलायची.”

गाडीत परेश म्हणाला, “विभाताई, हाच. हेतू आहे, संधी आहे.”

“पेशंटला ताप आला की तू आधी हेतू शोधतोस?”

“नाही. कधी चढतो, कधी उतरतो ते विचारतो.”

“मग तेच विचार की!”

सरिता एका कारखान्यात वैद्यकीय उपकरणांची गुणवत्ता तपासत असे, आणि मंडळाची सेक्रेटरी म्हणूनही ती तितकीच कडक होती. तिने दारातच फोन उघडला.

“मातीची मूर्ती सोडून एक पाकळीही पाण्यात गेलेली नाही. डोनलला तसा शब्द दिला होता मी. निर्माल्य बादलीत परत. पाट, ताम्हण, निरांजन, घंटा, झांजा दोन, सगळ्यावर टिक आहे. फोटो हवेत?”

पहिल्या फोटोत परेशची आई, पद्मिनीमावशी, बोटीत बसली होती. मांडीवर पाट, पाटावर लाल सुती उपरणं, उपरण्यावर फूटभर उंचीचा गणपती. दुसरा फोटो परतीचा. मावशीने पाट पोटाशी धरला होता आणि उघड्या लाकडावर ओंजळभर वाळू होती.

विभावरीने दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. “छान आलेत.”

घरी मावशी आमटीला फोडणी देत होती.

“मावशी, मूर्ती कशी सोडलीस गं?”

“अलगद. टाकायची नसते विभा, पाठवायची असते.” मावशी आमटी जरा जास्तच ढवळू लागली. “आज कोकम घातलंय हो. परेशला चिंच चालत नाही.”

“आई, मला चिंच चालते,” परेश म्हणाला.

विभावरीने डोनलला फोन लावला. “उद्या भरती किती वाजता?”

“सकाळी सहा.”

“तेव्हा ‘नुआला’ धक्क्याच्या आतल्या भिंतीला बांधा.”

“तिथे दुपारी कोरडं पडतं.”

“म्हणूनच.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सगळे धक्क्यावर जमले. मावशीलाही आणलं होतं. ओहोटी चालू होती आणि ‘नुआला’ भिंतीला टेकून हळूहळू उघडी पडत होती.

“पाणी उतरेपर्यंत बोलू,” विभावरी म्हणाली. “मागून येते ती वाफ. म्हणजे इंजिनाला गार करायला पाणी कमी पडतंय. गाळणी स्वच्छ, पंप धड. तेव्हा अडथळा त्यांच्याही आधी हवा. कुठे, परेश?”

“तळाच्या जाळीवर? पण मग ताप उतरतो कसा?”

“तू सांग. कधी चढतो?”

“वेग दिला की.”

“आणि उतरतो?”

“थांबलं की.” परेश एकदम थबकला. “म्हणजे ते चिकटून बसलेलं नाही. ओढ वाढली की जाळीवर येतं, ओढ गेली की लोंबतं!”

“आणि पंधरा दिवस वाहूनही जात नाही, म्हणजे एका टोकाला अडकलंय. मऊ, लांब, एका बाजूने धरलेलं असं काही. आता दिवस. त्रास विसर्जनानंतरचा. पाण्यात फक्त मूर्ती गेली, आवाज न होता. माझा हात पाण्याला पोचला नाही, आणि मी मावशीपेक्षा वीतभर उंच आहे. तिने अलगद सोडली तर कशाने सोडली?”

परेशने आईकडे पाहिलं.

“जाताना पाटावर उपरणं होतं,” विभावरी म्हणाली. “येताना उघडं लाकूड. आणि सरिताच्या यादीत उपरणंच नाही. मूर्तीचंच वस्त्र ते, तिने ते वेगळं लिहिलंच नाही.”

“आई!”

मावशीचे डोळे भरले. “झोळी केली रे उपरण्याची. दोन टोकं हातात धरली, एक सोडलं, गणपती गेला अलगद. पण ओलं झालेलं दुसरं टोक निसटलं आणि बोटीखाली गेलं. सरिताने शब्द दिलेला. मी बोलले असते तर पुढच्या वर्षी बोट मिळाली नसती सगळ्यांना. वाटलं, देवाबरोबर गेलं तळाला. इंजिनाचं मला काय ठाऊक!”

परेश ते इंग्रजीत सांगत होता तेवढ्यात कॉरमॅक शिडीवरून खाली उतरला. चिखलात वाकून त्याने बोटीच्या पोटाखाली हात घातला. तिथे, गंजाने बोटीऐवजी खावी म्हणून जस्ताची एक वडी बोल्टने बसवलेली होती. त्या बोल्टला एका कोपऱ्याने, शेवाळलेलं पण अजून लाल, उपरणं लोंबत होतं. जाळी त्याच्यापासून हातभरच मागे.

त्याने ते सोडवलं आणि वर धरलं.

डोनलने वरून ते नीट बघितलं. मग त्याने फोन काढला आणि गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत नको म्हणून सांगितलं. कॉरमॅक वर आला तेव्हा शिडीच्या टोकाशी डोनलचा हात पुढे होता.

“मी वाईट विचार केला तुझ्याबद्दल.”

“ग्रँड आहे, काका. पण डेकवर पडलात तर फोन करायचा.”

“करीन.”

मावशी उपरणं पिळत उभी होती. वर बघायचं धाडस होत नव्हतं. डोनल तिच्याजवळ गेला आणि परेशला म्हणाला, “आईला विचार, तिचा हात कुठवर पोचतो.”

“कशाला?”

“पुढच्या वर्षाआधी बोटीला मागे एक पायरी लावायची आहे, पाण्याला टेकेल अशी. माप नको का घ्यायला?”

कॉरमॅकने खिशातून टेप काढली. मावशीने उपरणं परेशच्या हातात दिलं, डोळे पुसले आणि हात लांब केला.