वर सूर्य काढलेला नकाशा

"फाडशील ना ते, बळ्या!"

"तूच ओढून राहिली!" बळीरामने कापड चटकन सोडलं. जयाची जीभ म्हणजे भिवापुरी मिरची. कोण नादी लागणार!

चौऱ्याहत्तरची उन्हाळ्याची सुट्टी. एरवी ही चुलत भावंडं कैऱ्या पाडत हिंडली असती. पण त्यांची मोठी आई, म्हणजे थोरली काकू रंभाबाई, चार दिवस धड जेवली नव्हती. तीस वर्षांपूर्वी तिचं तान्हं बाळ, नत्थू, गेलं. पुरायला पुरुषच गेले. बायकांनी जायची रीत नव्हती. म्हणून तिच्या नवऱ्याने, देवरावांनी, मागावरच्या कापडावर रंगाने जागा काढून दिली: विहीर, आणि तिच्या डावीकडे तीन रेघांची फरशी. "मन घट्ट झालं की जाऊन ये," म्हणाले. मन घट्ट होईपर्यंत देवरावही गेले. आणि आता तिथं रस्ता निघाला!

रस्त्याच्या मुकादमाने, मनोहररावांनी, नकाशा पाहून विहिरीच्या पश्चिमेला खणलं. काहीच नाही! "बुढ्यानं उगाच रेघोट्या ओढल्या," म्हणून मोकळे झाले. हातात टेप असला म्हणजे डोकं असतंच असं थोडंच आहे!

"बळ्या, वर हा गोळा कशाचा?"

"सूर्य. शोभेचा असंल."

"शोभेचा? मोठ्या बाबांनी लुगड्यावर एक बुट्टी तरी फुकट घातली का कधी? बाळाले पहाटे नेलं होतं. ते उगवतीकडे तोंड करून उभे होते! मुकादमाने वर उत्तर धरली. वर तर पूर्व आहे!"

बळीराम उगवतीकडे तोंड करून उभा राहिला. डावा हात पसरला. "म्हणजे... उत्तरेला!"

मोठ्या आईला घेऊन दोघं धावतच निघाली.

विहिरीच्या उत्तरेला खड्डा होता. पुरुषभर खोल, रस्त्याच्या मुरुमासाठी खणलेला, ताजा. काठावर एक फरशी उलथून पडलेली. बळीरामने माती पुसली. तीन रेघा.

तिथंच कामावर असलेल्या मनोहररावांनी डोक्यावरची टोपी काढली. "शाबास, पोरी. तुमचंच बरोबर. मले अक्कल नव्हती."

जयाला ती शाबासकी नकोशी झाली.

"इथला मुरूम कुठं टाकला गा?" मोठ्या आईने विचारलं.

"त्या नव्या रस्त्यावर, बाई. काल रोलर फिरला."

मोठी आई फरशीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "त्यायनं खरं काढलं होतं. तुम्ही खरं वाचलं. लेकरांनो, माह्या घरात तुम्हीच शहाणे."

ती उठली, रस्त्याच्या कडेला आली आणि तिने चपला काढल्या.

"मोठी आई, पाय भाजतील वं!"

"भाजू दे. लेकरावरून चपला घालून चालू का?"

जयाने आपल्या चपला हातात घेतल्या. बळीरामनेही.