तळाची उलटी कामटी

कराडच्या वकिलीणबाई लीलाबाईंनी बोलावलं म्हणून मी गेले, एवढंच. चैत्रातली भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बगलेत बांबूच्या चार कामट्या आणि बाची सुरी. "पर्स दुरुस्त करायची आहे," असा निरोप होता. बाचा तेरावा अजून व्हायचा होता आणि यांना पर्सची पडली होती! पायांपेक्षा डोकंच जास्त तापलं होतं.

आम्ही बुरूड. माझा बा आकाराम डावखुरा, म्हणून त्याची वीण उलट्या अंगानं जायची. शंभर टोपल्यांत त्याची टोपली मी ओळखायची. त्रेचाळीस साली या लीलाबाईंनी त्याच्याकडून झाकणाची, कडीची पर्स करून घेतली. बा दीड महिना त्यावर खपला. काम संपलं की तळाला एक कामटी उलटी खोवायची, ही त्याची खूण. "खूण घातल्याबिगर हात कामातनं सुटत न्हाई," म्हणायचा. पण बाईंनी खुणेआधीच पर्स उचलली. "खालचं कोण बघतंय?" म्हणाल्या.

का उचलली ते साताऱ्याच्या प्रदर्शनात कळलं. पहिलं बक्षीस लीलाबाईंना, स्वतःच्या हातांनी विणलेल्या पर्सबद्दल! पेपरात फोटो. बानं तो न्हाव्याच्या दुकानात पाहिला आणि आठ दिवसांत गेला. शेवटपर्यंत त्याचा डावा हात हवेत विणत होता. माझ्या पोटातली आग तेव्हापासूनची.

लीलाबाईंच्या घरात शिरले तर ओल्या बांबूचा वास. खिडक्या लावलेल्या. आतून आवाज येत होता... सर्र... सर्र... कामटी सोलल्याचा. लीलाबाई पाटावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स. झाकण कडेनं विणून घट्ट बंद झालेलं, नव्या कामट्या हिरव्यागार. खोलीत बांबूचं कांडकं नव्हतं, पण जमिनीवर सालींचा ढीग होता. त्यांच्या बोटांवर चिरा होत्या आणि डाव्या अंगठ्याला जाड घट्टा. तसा घट्टा पडायला वीस वर्षं लागतात.

"तुझा बाप गेला त्या दिवसापासून हे चाललंय गं राही," त्या कुजबुजल्या. "रोज कापून उघडते... रोज दुपारी माझेच हात ती विणून टाकतात... थांबतच नाहीत. त्याची ती खूण घाल. पाया पडते तुझ्या."

"बाईसाहेब, पेपरात काय छापलं हुतं?"

"चुकलं माझं..."

"मग सांगा की चार बायकांत, आकाराम बुरडानं केली म्हणून."

त्यांनी बाहेरच्या दाराकडे पाहिलं. "लोक काय म्हणतील?"

मेल्यावरसुद्धा माझ्या बापाचं नाव यांच्या जिभेला जड! माझं डोकंच फिरलं. बगलेतल्या कामट्या काढून मी तिथंच मोडल्या. "तुमीच इणलीया न्हवं? मग इणा!"

उंबऱ्यातून वळून पाहिलं. बाची सुरी त्यांच्या डाव्या हातात होती. मी बगल चाचपली, सुरी नव्हती. दिली मात्र मी नव्हती. तरी खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. झकत बसू दे, म्हटलं.

घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो तसाच राहिला. हात कुणाचा सुटला नव्हता? बाईंचा नव्हे. तिथं बसून विणत होता तो माझा बा होता, आणि मी बाईंची खोड मोडायच्या नादात त्यालाच कामाला जुंपून आले होते.

उन्हातच धावत परत गेले. दाराला कुलूप. बाईंना सांगलीला माहेरी नेलं, शेजारीण म्हणाली, पर्ससकट. सांगलीला चार फेऱ्या मारल्या. माहेरच्यांनी दार उघडलं नाही, पुढं तर त्या कुठं गेल्या तेही कुणी सांगेना.

त्याला पाच वर्षं झाली. माझा राग उतरलेला नाही, फक्त त्यातला अर्धा आता माझ्यावरच आहे.

मी उजव्या हाताची. पण काल दुपारी टोपली विणताना पाहिलं, सुरी माझ्या डाव्या हातात होती. बाची. लीलाबाईंकडे राहिली होती ती.

टोपली पुरी केली. पर्स नाही तर टोपलीच्या तळाला उलटी कामटी खोवली, बाचं नाव मोठ्यानं घेतलं.

हात थांबला नाही.