मंगळवारचा रस्सा

त्या माणसाची स्कूटर पंक्चर झाली नसती, तर तो माझ्या खानावळीत आलाच नसता. आणि आला नसता, तर माझ्या इतक्या वर्षांच्या इभ्रतीचा पंचनामा पेपरात छापून आला नसता. म्हणून माझा पहिला राग आहे तो त्या रस्त्यावरच्या खिळ्यावर.

आषाढातला मंगळवार होता. पिंपळगाव सोडून वणीकडं निघालं की डाव्या हाताला माझं पत्र्याचं शेड लागतं. पाटी नाही. ज्यांना कुणी ओळखत नाही, त्यांना पाटी लागते. मला टेंपोवाले, द्राक्षं भरणाऱ्या पॅकहाउसच्या बाया, गडावर जाणारे भाविक, सगळे आक्का म्हणतात आणि गुमान जेवतात.

तो भिजून आला. साठी नुकतीच ओलांडलेला, चष्म्यावर पाणी, काखेत हेल्मेट, आणि दारात उभा राहून पायपुसणं शोधतोय. माझ्या शेडात आजवर कुणी पाय पुसून आलं नव्हतं.

“काय काय आहे?” त्यानं विचारलं.

“ताट हाय.”

“ताटात काय?”

“बसल्यावर कळंल.”

तो हसला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि तसंच, बिनचष्म्याच्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं… मी पदर सारखा केला. का केला ते विचारू नका. पत्र्यावर पाऊस वाजत होता, हात आपोआप गेला.

बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, ठेचा, कांदा. भाकरीचा पहिला तुकडा मोडला तेव्हा त्यानं मान डोलावली. मग रश्शात बुडवला, थांबला, आणि बोट वर केलं.

“थोडं मीठ मिळेल का?”

शेडात चाळीस माणसं जेवत होती. चाळीस हात ताटात थांबले. कारभारी म्हणून माझा रोजचा टेंपोवाला आहे, त्याचा घास तर तोंडापाशीच राहिला.

“कशाला?” मी म्हणाले.

“रश्शात घालायला.”

“माझ्या रश्शाला वरनं मीठ लागत नाय.” आणि मी त्याला आणखी एक पळी रस्सा वाढला. शिक्षा म्हणून.

त्यानं तोही संपवला. हात धुतले, आणि जाताना विचारतो, “तुमचं नाव काय?”

“आक्का.”

“ते सगळ्यांसाठी झालं. नाव?”

“साळूबाई,” मी सांगून बसले. नवरा जाऊन सतरा वर्षं झाली. तेव्हापासून हे नाव फक्त लाइटबिलावर येतं.

“भाकरी फार सुंदर होती, साळूबाई,” म्हणाला, आणि पावसात निघून गेला.

रविवारी माझी सून सविता पेपर वाचत होती आणि वाचता वाचता अडखळली. मी चौथी शिकलेली, बारीक अक्षराला मला वेळ लागतो, म्हणून पेपर तीच वाचते. पण तिचं तोंड वाचायला मला चौथीसुद्धा लागत नाही.

“काय आलंय?”

“काही नाही, आई.”

“वाच.”

तिनं वाचलं. ‘गाडी काढून जावं अशी जेवणं’. नाशिकच्या आसपासची दहा ठिकाणं. एक नंबरला द्राक्षाच्या मळ्यातलं दारूचं हॉटेल. दोनला आंब्याखालची मिसळ. तीनला घाटातला कुठला तरी ढाबा. आणि चार नंबरला आम्ही: “पिंपळगाव-वणी रस्त्यावरची बिनपाटीची खानावळ. अशी बाजरीची भाकरी जिल्ह्यात दुसरी नाही. रश्शात मीठ नव्हतं. मागितलं, मिळालं नाही. तरीही जा.”

तरीही जा. म्हणजे मी काय दारात झोळी घेऊन उभी होते? आणि दारूचं हॉटेल एक नंबरला. खाली लिहिणाऱ्याचा फोन नंबर होता, वाचकांनी कळवावं म्हणून. मी कळवलं.

“चिंतामण बोलतोय.”

“तुम्हीच का ते मीठवाले?”

पलीकडं खुर्ची करकरली. मग – “साळूबाई?”

एका भेटीत आवाज ओळखला मेल्यानं.

“उद्या यायचं,” मी म्हणाले. “माझ्यासमोर बसून जेवायचं, आणि चुकलं म्हणून पेपरात लिहायचं.”

“आणि माझं चुकलं नसेल तर?”

“मग काय माझं चुकलंय?”

“बरं,” तो म्हणाला. “पंक्चर काढलंय. तरी येतो.”

सोमवारी आला. मी समोर उभी राहून वाढलं, कमरेवर हात ठेवून. त्यानं सावकाश खाल्लं, बोटं चाटली.

“आज मीठ बरोबर आहे. मंगळवारी नव्हतं.”

“हात तोच, मसाला तोच.”

“मंगळवारी चाखलं होतं का कुणी?”

आता मंगळवारी कोण चाखणार? देवीला ताट दाखवल्याशिवाय माझ्या चुलीवरचं कुणी जिभेला लावत नाही, हा रोजचाच नियम. नैवेद्य झाला की मी थेंबभर चाखते, कमी असेल ते घालते, मग पंगत. पण मंगळवारी मला कडक उपास. त्या दिवशी सविता चाखायची. दोन वर्षांपूर्वी मीच तिला मंगळवार धरायला लावला. तेव्हापासून मंगळवारी मीठ माझ्या मुठीच्या अंदाजानं पडतं, आणि चाखायला… हे मी त्याला ठसक्यात सांगत होते, आणि सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं.

“कारभारी,” मी हाक मारली, “त्या मंगळवारी मीठ होतं का रे?”

कारभारी ताटात बघत म्हणाला, “आक्का… ठेचा होता की.”

“मी मिठाचं विचारलं.”

“कधी नसतं. कधी डबल असतं. कमी असलं का आम्ही ठेचा कुस्करतो, जास्त झालं का पाणी पितो.”

“दोन वर्षं?”

“तुम्हाला सांगायचं कुणी, आक्का?”

मी गल्ल्यावर बसलेल्या माझ्या लेकाकडं वळले. “सोमनाथ, तू तर रोज चारला जेवतोस.”

“मी सविताला बोललो होतो. मला वाटलं ती सांगंल.”

“मला वाटलं हे सांगतील,” आतून सविता.

माझ्या अंगाचा जाळ झाला. चाळीस तोंडं, घरची दोन धरून बेचाळीस, आणि एकाला एवढं बोलता आलं नाही. लोक मानतात म्हणून मी मान ताठ ठेवून फिरत होते, आणि लोक मला भीत होते. त्या सगळ्यांना मी काय काय बोलले ते इथं लिहिता यायचं नाही. चिंतामणराव तेवढा वेळ कांदा खात होते.

“पेपरात दुरुस्ती देऊ का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“खबरदार. खरं हाय ते तसंच राहू द्या.”

“मग… मंगळवारी चाखायला येऊ?”

“तुम्हाला नसतो का उपास?”

“बायको गेल्यापासून दहा वर्षं बाहेर जेवतोय, साळूबाई. रोजच निम्मा असतो.”

हे त्यांनी हसत सांगितलं, म्हणून मला जास्त राग आला. असं हसत सांगतात का?

मग ते येत राहिले. नाशकातले, रामकुंडावरच्या उपाध्यांच्या घरातले. स्वतः मात्र पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. एक मुलगी, मृण्मयी, पुण्याला. दर मंगळवारी दहाला स्कूटर यायची. नैवेद्य झाला की ते चुलीपाशी तळहात पुढं करायचे, मी पळीनं थेंब सोडायचे, आणि ते डोळे मिटायचे.

“चिमूटभर कमी.”

“चिमूट कुणाची? माझी का तुमची?”

“तुमची. माझी मोठी आहे, घात होईल.”

मी चिमूट घालायचे. हात पुढंच.

“आता काय?”

“दुसऱ्यांदा चाखल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही.”

“खात्यात पण असंच करायचात का?”

“खात्यात असा रस्सा नव्हता.”

सविता पाठमोरी होऊन भाकरी थापायची. तिचे खांदे हलत असायचे. तिलाही मी बोलून घेतलं.

श्रावणात मी म्हणाले, मला ते एक नंबरचं ठिकाण बघायचंय. बघून तरी घेते काय गुण आहेत त्याचे. स्कूटरवर मी एका अंगाला बसले, हात मागच्या स्टेपनीवर. गंगापूर धरणाच्या बाजूला रस्त्याला इतके खड्डे आहेत की पुढं हात कुठं गेला… ते सरकारला विचारा.

तिथं पांढऱ्या शर्टातल्या पोरीनं ताट आणलं. काळी पाटी, तिच्यावर चमचाभर पिठलं, पिठल्यावर फुलाची पाकळी. शेजारच्या टेबलावर लोक पेल्यातली दारू हुंगत होते. पीत कुणीच नव्हतं. मी द्राक्षाचा रस घेतला.

“हे एक नंबर?”

“समोर पाणी आहे,” ते म्हणाले. “ढग बघा किती खाली आलेत.”

“पाणी तुमच्या खात्यानं अडवलंय. हॉटेलवाल्यानं नाय.”

ते इतके हसले की पोरगी धावत आली, काही घशात अडकलं का बघायला. आणि हसू ओसरल्यावर पेल्याची दांडी फिरवत राहिले.

“साळूबाई, फ्लॅट विकला मी. मृण्मयी वर्षभर मागं लागलीय, एकटे राहू नका म्हणून. दसऱ्याच्या आत पुण्याला जायचंय.”

मी ती पाकळी खाल्ली. कडू होती.

त्यानंतरचे मंगळवार मी पळी सविताच्या हातात दिली. ते तळहात पुढं करायचे, मी वांगी चिरत बसायचे. माणूस दर आठवड्याला येतो, चुलीपर्यंत येतो, आणि घर विकून झाल्यावर सांगतो. रश्शात काय कमी आहे ते तोंडावर सांगणारा हा एकच निघाला, आणि तोच निघाला पुण्याला. थांबा म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? मी आजवर कुणाला थांबा म्हटलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

भाद्रपदातल्या शेवटच्या मंगळवारी ते एसटीनं आले. स्कूटर विकली होती. सामान कालच टेंपोनं पुण्याला पोचलं होतं, खांद्याला एवढी पिशवी. चाखलं.

“आज काही कमी नाही,” ते म्हणाले. रुमालाला हात पुसले, आणि पुसतच राहिले. “येतो मग.”

ते दारापर्यंत गेले. माझ्या पायाखाली वांग्याचे देठ पडले होते, ते तुडवत मी उठले.

“कुणाला विचारून निघालात?”

ते वळले. “विचारायला… आहे का कुणी?”

सोमनाथ गल्ल्यावरून उठला, हळूच म्हणाला, “आई, लोक काय–”

“लोक? मीठ नाय एवढं बोलायला ज्यांना दोन वर्षं पुरली नाहीत, ते काय बोलणार? बोलू दे. मला ऐकायचंच हाय एकदा.”

सवितानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. सोमनाथनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि गल्ल्यामागची खुर्ची उचलून चिंतामणरावांच्या पुढं नेऊन ठेवली. माझं पोर दिसतं तेवढं बथ्थड नाही.

ते बसले नाहीत. “मंगळवारचं म्हणाल तर,” ते म्हणाले, “पुण्याहून सकाळची गाडी धरून–”

“मंगळवार जाऊ द्या,” मी म्हणाले. “मी बाकीच्या सहा वारांचं बोलतेय.”

आवाज चढाच होता माझा. पण हात आपोआप गेला आणि मी पदर सारखा केला. त्यांनी तो पाहिला. त्यांच्या खांद्यावरची पिशवी हळूहळू खाली आली.

“मुलीला फोन करावा लागेल,” ते म्हणाले.

“इथनंच करा. मला ऐकू येईल असा.”

त्यांनी केला. “मृण्मयी… नाही, गाडी चुकली नाही. मी येत नाहीये… तब्येत उत्तम आहे गं… इथं माझी जेवणाची सोय–”

सोय! मी फोन हातातून काढून घेतला.

“सोयबिय काय नाय. मी साळूबाई बोलते, पिंपळगावच्या रस्त्यावरनं. तुझे वडील इथं राहतायत. दसऱ्याला तूच ये.”

पलीकडं पोर गोंधळली. “हो, पण… तुम्ही त्यांच्या कोण?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचे कान लालभडक झाले होते आणि ते जमिनीकडं बघत होते, उत्तराची वाट बघत, तिच्यासारखीच.

“घरची,” मी म्हणाले. “आणि येताना त्यांचं सामान माघारी आण. स्वेटर वर ठेव. इकडं थंडी लवकर पडते.”