पायाखालची ऊब

यांना गर्दीचा तिटकारा. समुद्रकाठच्या त्या गावी सगळं जग जातं ते किनाऱ्यासाठी आणि दीपगृहासाठी. हे मात्र पहिल्याच सकाळी नाश्त्याच्या टेबलावर म्हणाले, "दीपगृह फोटोत पाहिलंय. जिथं कुणी फिरकत नाही असं काहीतरी बघू."

त्याआधी काही महिने यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी बोलले होते: हे आपल्या पायांनी चालत घरी येऊ देत, वर्षभर मी पायांत काही घालणार नाही. हे चालत आले. तेव्हापासून मी अनवाणी. यांची त्यावर चेष्टा ठरलेली. "व्यवहार तुझा आणि देवाचा, फायदा चपलांचा खर्च वाचलेल्या नवऱ्याचा."

रोज संध्याकाळी जप झाला की मी यांच्या तळपायांना तेल चोळायची. रक्त खेळतं राहायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डाव्या पायाला करंगळी नाही. ती तरुणपणी कारखान्यात गेली. उजव्या तळव्याला मात्र अतोनात गुदगुल्या. बोट लागलं की पाय चटकन मागं घ्यायचे आणि खिदळायचे. इतक्या वर्षांच्या संसारात ते काही सुटलं नाही.

टॅक्सीवाला आरशातून बघत म्हणाला, "आहे एक जागा. जुनं स्नानगृह. पण काका, तिथं बघण्यासारखं काही नाही."

"मग तेच दाखवा."

"काकूही आत जाणार?" त्याची नजर माझ्या पायांवर होती.

"ती कुठंही जाते," हे म्हणाले. "टायर पक्के आहेत तिचे."

मला तो प्रश्न आवडला नाही. पण यांचा उत्साह मोडवेना.

बर्फाच्या कारखान्यामागे, समुद्राकडे पाठ करून एक बैठी इमारत उभी होती. पूर्वी तिथं लोक खाऱ्या पाण्यात उतरायला यायचे. आता कोरडा हौद, त्याच्या भोवती लांब दालन, निळ्या-पांढऱ्या फरश्या आणि छताच्या मळक्या काचांतून येणारा पिवळट उजेड. दाराशी एक बाई विणत बसली होती. मागच्या फळीवर लोकरी सपाता मांडलेल्या.

"फरशी जुनी आहे. बूट काढून या घाला," असं म्हणून तिनं माप न विचारता एक जोड यांच्यापुढे सरकवला. यांनी मोज्यांवरूनच पाय घातले. "बघ, बेतून शिवल्यासारख्या."

मी पाहिलं. डाव्या सपातेचा करंगळीकडचा कोपरा आत दबलेला होता. त्या घालून हे अजून दोन पावलंही चालले नव्हते.

"तुमच्यासाठी काढू?"

"मला चालत नाही. नवस आहे."

बाईनं विणकाम मांडीवर ठेवलं. "मग जपून. भिंतीकडेनं नका जाऊ."

"का हो?"

"उभे असतात."

दालनात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. हे पुढे गेले, पितळी नळ आणि पाण्याच्या वाटा न्याहाळत, स्वतःशीच बोलत. फरशी बर्फासारखी होती. मधल्या फरश्या उखडलेल्या, म्हणून मला एके ठिकाणी भिंतीकडेनं जावं लागलं, आणि पायाला ऊब लागली. म्हटलं, खालून गरम पाण्याचा नळ गेला असेल. पुढचं पाऊल गार. मग पुन्हा ऊब, शेजारी शेजारी दोन ठिकाणी. टाच, चवडा, बोटं. त्यापलीकडची जोडी एवढीशी, लहान मुलाच्या पायांची.

सगळ्यांचे चवडे दाराकडे होते.

"अहो, चला आता."

हे हौदाच्या काठावर आत वाकून बघत उभे होते. मग वळून म्हणाले, "तू म्हणशील तसं."

असं ते मला कधीच म्हणाले नव्हते.

दाराशी यांनी सपाता काढून बूट चढवले आणि गाडीकडे गेले. ते उभे होते तिथं माझा पाय पडला. फरशी ऊबदार होती. आत्ताच तर इथं होते, असणारच, असं मनाला सांगितलं. गाडीत बसल्यावर सुचलं, मोजे आणि जाड लोकर यांतून ऊब खाली कशी उतरेल?

टॅक्सीवाल्यानं यांच्याकडे पाहिलं नाही. तो रिकाम्या दाराकडे बघत होता.

संध्याकाळी तेल घेऊन बसले. उजव्या तळव्यावर बोट फिरवलं. पाय हलला नाही. पुन्हा फिरवलं.

"बरं वाटतंय," हे अदबीनं म्हणाले. पाय गार होता.

घरी परतल्यावर डॉक्टरांना दाखवलं. "नाडी उत्तम आहे काकू, काळजी करायची सवय तुम्हालाच लागलीय." हे आता वाद घालत नाहीत, पाहुण्यासारखे वागतात. नवरा शहाण्यासारखा वागतो, अशी तक्रार कुणाकडे करायची? धाकटी बहीण तर म्हणाली, "ताई, त्या जागेचा पत्ता दे. आमच्याकडचेही नेऊन आणते."

नवसाचं वर्ष पुरं झालं. यांनी माझ्यासाठी नव्या चपला आणल्या. मी घातल्या नाहीत. हे ज्या खुर्चीत दिवसभर बसतात, तिथली फरशी मी रोज पायानं चाचपते. गार असते.

काल सकाळी जप आटोपून दार उघडलं. पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबले.

खाली बसून तळहात टेकवला. दोन पावलं. चवडे घराकडे.

डाव्याला करंगळी नव्हती.

किती दूरवरून आला असाल, असं मनात आलं. उजव्या तळव्याच्या जागेवरून हळूच बोट फिरवलं.

ऊब चटकन मागं सरली.

"दारात कोण आलंय?" आतून आवाज आला.

बेल वाजली नव्हती.

मी उठले, आणि वाट देण्यापुरती उंबऱ्यावरून बाजूला झाले.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.