ढील द्यायची नाही

माकूळ धरायला निघालात ना? निघा. मी अडवणारा कोण? पण भरतीला अजून तासभर आहे, बाहेर वारा बोचरा आहे आणि माझ्या तोंडाला विश्रांती मानवत नाही. तेव्हा टेलरमास्तराचं तेवढं ऐका आणि मग जा.

"काका, खरं की नेहमीसारखं?"

अरे, नेहमीसारखं खरं. या बर्फाच्या कारखान्यात मी आज रात्रपाळीला आहे, तसाच तेव्हाही होतो. अर्धं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं मास्तराने सांगितलं. आणि मास्तर माझ्यासारखा नव्हता. थाप मारायची तर आधी तिचं माप घ्यावं लागेल, असला माणूस.

गेल्या हिवाळ्यात, अमावास्येची आदली रात्र. बुधवार. संध्याकाळी मास्तराला मुलीचा फोन आला. "बाबा, सकाळच्या बसने येतेय. सामान बांधून ठेवा. आता एकटं राहायचं नाही."

वहिनींना जाऊन आठ महिने झाले होते. मास्तर दुकान बंद करून घरी जायचा, दोन कप चहा करायचा, एक प्यायचा. दुसरा गार झाला की तोही प्यायचा. हे मुलीला कुणी सांगितलं म्हणता? मीच सांगितलं. चहाडीही काही वेळा पुण्यकर्म असते.

"मला एकट्याला सगळं जमतं," मास्तर म्हणाला.

"काय जमतं? आई गेल्यापासून एक माकूळ तरी मिळाला का?"

हे मात्र वर्मी लागलं. कारण माकूळ धरणं हे त्या नवरा-बायकोचं जोडीचं काम होतं. आता तुम्हाला वाटतं, काठी घेतली, पाण्यात सोडली, झालं. माकूळ म्हणजे काय बांगडा आहे? दहा हात, हाड नाही, आणि घाबरला की सरकारी कारकुनासारखी शाई सांडतो. त्याला आमिष नाही लागत, जिग लागतो. लाकडाची खोटी कोळंबी, वर कापड गुंडाळलेलं, शेपटीला टाचण्यांचा झुबका. कापड वहिनी गुंडाळायच्या, दुकानातल्या चिंध्यांचं. मग धक्क्यावर शेजारी शेजारी बसायचं. वहिनींनी काठीला दोन झटके द्यायचे, सूं... सूं... की पाण्यात त्यांची कोळंबी नाचली. माकूळ बघायला येतो, पण नाचणारीवर झडप घालत नाही. शेजारी जी मुकाट बुडत असते, तिला मिठी मारतो. ती मास्तराची. तीस वर्षं वहिनी नाचवत होत्या आणि मास्तर गप्प बसत होता. संसारातही तेच, पण ते राहू द्या.

आणि एक नियम. त्या टाचण्यांना उलटा काटा नसतो. दोरी क्षणभर सैल पडली की माकूळ सुटला. म्हणून वजन लागलं की वहिनी दर वेळी म्हणायच्या, "अहो, ढील द्यायची नाही हं." तीस वर्षं. मास्तराच्या हाडात मुरलं होतं ते.

साडेअकराला तो बादली आणि काठी घेऊन या दारावरून गेला.

"मास्तर, आजची रात्र नको. काळोख बघा किती आहे."

"एकच हवाय रे. सकाळी तिच्यापुढे बादली ठेवतो. म्हणतो, बघ, जमतं मला. मग ती नेणार नाही."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर सामान बांधतो," असं म्हणाला आणि गेला.

धक्क्यावर शेवटचा दिवा आहे ना, त्याचा उजेड संपतो त्या रेषेवर माकूळ दबा धरून असतात. मास्तर तिथे बसला. डावीकडची जागा सवयीने रिकामी सोडली. काठीला झटके देऊन पाहिले, पण त्याचा हात पडला शिवणयंत्रावरचा, एकसारखा चालणारा. त्याला नाचवणं कसलं येतंय? तास गेला. बादलीत नुसतं पाणी. शेवटी त्याने काठी मांडीवर ठेवली, दोरी तशीच बुडू दिली आणि गप्प बसला.

बारा चाळीस झाले होते. मोबाइलमध्ये बघितलं होतं त्याने.

सूं... सूं...

डावीकडून. दिव्याच्या पलीकडून, काळोखातून.

मास्तराने मान वळवली नाही. त्याच्या दोरीवर हलकंसं वजन आलं. ओला रुमाल टाकल्यासारखं. त्याने एका गतीने गुंडाळलं. माकूळ. बादलीत शाई सोडत पडला.

पुन्हा सूं... सूं... पुन्हा एक.

असे नऊ. एक हवा होता, नऊ झाले. उठायला हवं होतं. पण मला सांगा, माकुळासाठी कोण बसलं होतं? आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या शेजारी कुणीतरी होतं.

"थंडी आहे," मास्तर म्हणाला. नुसतंच. काळोखाला.

 उत्तर म्हणून सूं... सूं... आलं. पण थोडं पुढून.

तो उठला. पुढे जाऊन बसला. आवाज आणखी पुढे. तो पुन्हा उठला. असं करत धक्क्याच्या टोकाला आला, जिथे पायऱ्या पाण्यात उतरतात. चपला पायऱ्यांच्या माथ्यावर काढून ठेवल्या. शेवाळ असतं तिथे. पहिल्या पायरीवर बसला.

आता आवाज समोरून येत होता. समोर पाणी होतं.

आणि वजन लागलं.

रुमालाचं नाही. ओल्या कपड्यांच्या अख्ख्या गाठोड्याचं. झटका नाही, तडफड नाही. नुसतं ओढत होतं. सावकाश. गुंडाळायचं चाक फिरेना.

तुम्ही असता तर काय केलं असतं? काठी फेकली असती. मीही फेकली असती. पण मास्तराच्या हातांना एकच ठाऊक होतं. दोरी सैल सोडायची नाही. दोरी एक पायरी गेली, तो एक पायरी उतरला.

घोटा.

गुडघा.

"येतोय," म्हणाला तो. "ओढू नकोस, येतोय."

कंबर. पाणी गार होतं. दोरी ताठ. जराही सैल नाही.

छाती.

पुढची पायरी पायाला लागली नाही...

तेव्हा मागून आवाज आला. मागून, वरून, पायऱ्यांच्या माथ्यावरून.

"अहो... ढील द्या."

...

...

त्याने ढील दिली.

दोरी सैल पडली. पाण्यात काहीतरी सुटलं आणि खाली गेलं. बराच वेळ खाली जात होतं.

सव्वाच्या सुमाराला तो या दारात उभा राहिला. छातीपर्यंत भिजलेला, अनवाणी, चपला हातात. मी घोंगडी दिली, चहा दिला. कप दातांवर वाजत होता.

"तू आला होतास का धक्क्यावर?" त्याने विचारलं.

"मी इथून हललो नाही, मास्तर."

"बाईचा आवाज काढून गंमत केलीस का? खरं सांग. तुला सवय आहे."

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण खोटं बोलावं. पण मी मान हलवली. नाही म्हटलं.

 मग त्याने चपला माझ्यापुढे धरल्या. "हात लाव."

मी लावला. बाहेर दात वाजवणारी थंडी, आणि चपला गरम होत्या. कुणी आत्ताच पायांतून काढाव्यात तशा.

"मग काका, पाण्यात कोण ओढत होतं?"

...

ते मला विचारू नकोस. तुम्ही निघालायत ना तिकडे?

चपला त्याने काही घातल्या नाहीत. इथेच ठेवल्या आणि अनवाणी घरी गेला. बादलीतल्या नऊ माकुळांचा निकाल धक्क्यावरच्या मांजरांनी लावला. सकाळी मुलगी आली तेव्हा सामान बांधून दारात होतं. ती भांडायच्या तयारीने आली होती, बिचारी. बाप म्हणाला, "चल." दुसरं काही नाही. बसच्या खिडकीतून मला हात केला. नवीन बूट होते पायात. आता तिकडे नातवाचे गणवेश शिवतो, आणि फोनवर विचारतो, तिकडे थंडी पडली का.

आणि चपला?

दोन तास झाले तरी गरमच. मला काही सुचेना. गरम वस्तू गार करायची तर माझ्यासारख्या बर्फवाल्याकडे एकच उपाय. ती तिथली बर्फाची लादी दिसते ना, तशीच एक नवी लादी काढली आणि वर चपला ठेवून दिल्या. मग पाठ फिरवून बसलो. सकाळपर्यंत वळून बघितलं नाही, ते खोटं नाही सांगत.

आठला पाळी बदलायच्या आधी चपला उचलल्या. चपलांखालचा बर्फ वितळला होता. दोन खळगे पडले होते, बोटभर खोल. चपलांच्या आकाराचे असायला हवे होते.

अनवाणी पावलांचे होते. पाचही बोटं स्पष्ट. आणि चपलांपेक्षा चांगली तीन बोटं लहान.