हेप्झिबाची साक्ष

सन १६६९, फेब्रुवारीचा दुसरा शब्बाथ, म्हणजे रविवार, सकाळच्या प्रवचनानंतर, मॅसाच्युसेट्स वसाहतीतील विदरली गावच्या प्रार्थनागृहात पुढील प्रसंग घडला. मी, मंडळीचा कारभार पाहणारा डीकन एलियाकिम थॉर्न, व्यासपीठाखालच्या बाकावर मंडळीकडे तोंड करून साक्षी लिहून घेत होतो. आत इतके गार होते की पाळक हॉब्सन यांचा श्वास बायबलावर धुक्यासारखा साचत होता.

हेप्झिबा कोल हिला मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, प्रवेश हवा होता. त्याविना तिच्या सहा आठवड्यांच्या मुलाला बाप्तिस्मा मिळणार नव्हता. तिचा नवरा जोएल जानेवारीत तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला होता. प्रवेशासाठी सर्वांसमोर आपल्या पापांची साक्ष द्यावी लागते. ती तिने आठवड्यापूर्वी मला खाजगीत ऐकवली होती: आळस, मत्सर, प्रवचनात डुलकी.

“मोठ्यानं बोल गं,” तिचे बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या प्रॅटकाकू म्हणाल्या. “तुझी पापं काय फक्त पुढच्या बाकांसाठी आहेत?”

दोघी-तिघी हसल्या.

हेप्झिबा म्हणाली, “तो बर्फाची कड धरून लोंबकळत होता. मी टाचेनं त्याची बोटं सोडवली. चार सुटली. अंगठा राहिला. मग तोही सुटला.”

हसू थांबले. ती जोएलविषयी बोलते आहे, असे सर्वांनी मानले.

“शेवटी तो काय म्हणाला?” पाळकांनी विचारले.

“‘मोजा भिजला, आई रागावेल.’”

माझी लेखणी थांबली. सत्तावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावच्या तळ्यात, माझा अकरा वर्षांचा भाऊ असाहेल नेमके हेच बोलला होता. तिथे आम्ही दोघेच होतो. ती टाच माझी होती. हे मी कोणालाही, प्रार्थनेतसुद्धा, सांगितलेले नाही. आणि हेप्झिबा तेव्हा जन्मलीही नव्हती.

शंका काढणे हे माझे काम. मी उठलो.

“जोएलची आई तर तो पाळण्यात असतानाच वारली होती.”

“हो, डीकनसाहेब. मलाही तेच कळत नाही.” ती स्वतःच्या पायांकडे पाहत होती. “हे सांगायचं मी ठरवलंच नव्हतं. तोंडातून आपोआप येतंय. थांबवा ना मला.”

तर्क सोपा होता. हे शब्द तिचे असणे अशक्य. म्हणजे ते अन्य कोणाचे तरी. पुढचे विधान करताच मला माझे नाव घ्यावे लागणार होते. गप्प राहिलो तर तिला फाशी, बोललो तर मला.

मी बसलो.

आमच्या मंडळीत कोणाला प्रवेश देताना हात वर करीत नाहीत. पाळक तीनदा विचारतात; मौन म्हणजे संमती.

“कोणाची हरकत?”

प्रॅटकाकूंनी बाळाला उराशी धरले.

“हरकत?”

हेप्झिबा माझ्याकडे पाहत होती. मला काहीच वाटले नाही.

“हरकत?”

बाकाखाली माझ्या घोट्याभोवती एक लहान, ओला हात होता. तो ओढत नव्हता.

“पश्चात्ताप खरा आहे,” पाळक म्हणाले. “लेकराचा बाप्तिस्मा आत्ताच होईल. आईला उद्या न्यायाधीशांकडे न्यावे.”